तक्त्यातलं ‘कारण नाही’

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते. दुपारी एकच्या सुमाराला वॉचमनचा निरोप आला, “ताई, एक म्हातारी ऐकत नाही. भेटीचा वार नाही म्हटलं तरी फाटकाशी बसलीय.” एप्रिल संपत आलेला, जळगावचं ऊन. मी स्वतःच बाहेर गेले. पदराखाली स्टीलचा डबा धरून आमच्याकडे राहणाऱ्या एका दादाची आई बसली होती. पारोळ्याकडच्या गावाहून दोन एसट्या बदलून आलेली, वय ७१.

जळगावच्या वेशीवरच्या, बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासगृहात मी समाजकार्यकर्ती आहे. १६ जण राहतात. त्यांना ‘मुलं’ म्हणायचं नाही, दादा म्हणायचं, हा आग्रह माझा. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला डाऊन सिंड्रोम आहे, वय ३८. बोलणं पाच-सहा शब्दांचं. वडील गेले, आई थकली, म्हणून डिसेंबरात तो आमच्याकडे आला. दाखल करताना प्रत्येक घरचे विचारतात तेच तिनेही विचारलं होतं : “आम्ही गयात ते याले कोन देखी?” बाकीचे प्रश्न जेवणाचे. भाकरी मिळेल का, दूध मिळेल का. मारता का, कोंडता का, हे कोणी विचारत नाही. ते पोटात असतं, पण विचारलं तर जागा जाईल ही भीती त्याहून मोठी असते.

मार्चमध्ये दादा स्वतःच्या गालावर चापट्या मारायला लागला, आधी दिवसातून एकदोनदा, नंतर सारखा.

आमच्याकडे वर्तनाचा तक्ता असतो. तीन रकाने : आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग काय झालं. हा कागद नीट भरला तर सोनं आहे. एका दादाला रोज संध्याकाळी सहाला राग यायचा. तक्ता महिनाभर भरल्यावर लक्षात आलं की त्याच वेळी मागची पिठाची गिरणी सुरू होते. खोली बदलली, राग गेला, एक गोळी लागली नाही. नव्या काळजीवाहकांना शिकवताना मी हे दरवेळी सांगते.

आणि या दादाच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात ३१ वेळा एकच नोंद आहे : ‘कारण नाही’. रात्री एकच माणूस असतो, तो पहाटे सगळ्यांचे तक्ते एका दमात भरतो. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही. १६ जणांमागे रात्री एक माणूस ठेवणाऱ्या विश्वस्तांचा मात्र येतो. पण त्या ३१ नोंदींखाली तपासल्याची सही माझी आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो कागद पाहिला, चारेक मिनिटं दादाकडे पाहिलं आणि रिस्पेरिडोन हे वर्तन शांत करणारं औषध सुरू केलं. दादा शांत झाला. जास्तच शांत. गाल मारणं अर्ध्यावर आलं आणि आम्ही ‘सुधारणा’ असं लिहिलं.

आईला आत आणलं. तिने डबा उघडून सांजोरी त्याच्या हातात दिली. त्याने ती धरून ठेवली, खाल्ली नाही. तिने तुकडा मोडून तोंडाशी नेला. त्याने तोंड फिरवलं. मग तिने त्याची हनुवटी धरली, तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई, याना तोंडले वास ई ऱ्हायना. दाढ किडेल शे. लहानपनी बी दाढ दुखे तवय असाच गाल ठोके.”

पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आमच्या फायलीत त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, आधार आहे, रक्तगट आहे. दुखलं की हा माणूस काय करतो, हे कुठेही नाही, कारण ते मी तिला विचारलंच नव्हतं. ती लगेच हात जोडून म्हणाली, “मी बोलनी म्हनीसन याले काढी ते नही देशात ना?” मी बोलले म्हणून याला काढून तर टाकणार नाही ना, असं ती विचारत होती. ते ऐकून मला तिच्यासमोर उभं राहवेना.

पहिल्या दवाखान्यात ‘असे पेशंट घेत नाही’ म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी आपण होऊन खाली बसून बॅटरीने पाहिलं. दोन दाढा गेलेल्या, हिरडीत पू. औषधं दिली आणि म्हणाले, हा खुर्चीत स्थिर बसणार नाही, पूर्ण भूल देऊन काढाव्या लागतील, धुळ्याला न्या. धुळ्यात प्रश्न आला : सही कोणाची? दादा सज्ञान. १८ पूर्ण झाली की आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. गावात हे कोणी सांगत नाही. आम्ही दाखल करताना सांगतो, पण आग्रह धरत नाही. ती आमची चूक. दादाच्या भावाने अर्ज अडवून धरला होता, कारण नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत पालकाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. सातबाऱ्यावर दादाचंही नाव आहे. त्याला वाटलं, शेतच जाईल. ती यादी दादाच्या वाट्याला राखण म्हणून आहे, हे त्याला समजवायला मला अख्खी दुपार लागली.

शेवटी तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी आईची सही चालवून घेतली. तोवर आठ दिवस गेले होते. आठ दिवस तो वेदनाशामकावर होता आणि मी रोज रात्री फोन करून विचारत होते, गाल मारला का.

दाढा निघाल्या. चापट्या थांबल्या. रिस्पेरिडोन डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतोय. भेटीचा वार मी बंद करायला लावला. विश्वस्तांपैकी एक म्हणाले, नातेवाईक कधीही आले तर शिस्त बिघडते. बिघडू दे. अवेळी आलेल्या आईनेच ती दाढ शोधली. आता प्रत्येक घरच्यांना बोलावून तासभर बसते. दुखलं तर काय करतो, भूक लागली तर, घाबरला तर. एकाची बहीण म्हणाली, पोट दुखलं की तो चप्पल उलटी घालतो. चार वर्षं आम्ही ती चप्पल सरळ करत होतो.

पण तिघांना विचारायला कोणीच नाही. ते बालगृहातून १८ पूर्ण झाल्यावर आमच्याकडे आले, फायलीत आईच्या रकान्यात रेघ आहे. त्यातला एक जण कपाळ भिंतीला लावून बसतो. या महिन्यात त्याच्या तक्त्यात ‘कारण नाही’ ११ वेळा आहे. दात तपासून घेतले, ठीक आहेत. गुरुवारी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय.