दीड टनाचं प्रकरण

एसी घ्यायचं घरात ठरलं तेव्हा मला वाटलं यात काय एवढं, जायचं, आवडेल त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि घरी यायचं. पण पहिलाच प्रश्न आला, किती टनाचा? आणि मी गप्प. टन म्हटलं की मला ट्रक, सिमेंट आणि फार तर हत्ती आठवतो. नवरा मात्र ताबडतोब म्हणाला, "दीड." का दीड, तर सगळ्यांकडे दीडच असतो म्हणे.

मग मी हट्टाने ते टनाचं मूळ शोधून काढलं आणि खरं सांगते, जाम मजा वाटली. मशीन यायच्या आधी गारव्यासाठी बर्फच वापरायचे ना, तर एक अमेरिकन टन बर्फ, म्हणजे साधारण 907 किलो, 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एक माप), किंवा साडेतीन किलोवॅटच्या आसपास. म्हणजे हे वजन मशीनचं नाहीच, जो बर्फ आपण आणलाच नाही त्याचं आहे! आणि साडेतीन किलोवॅट वाचून बिलाच्या भीतीने दचकू नका, मी दचकले होते, पण ती उष्णता बाहेर टाकायला वीज त्याच्या साधारण तिसरा-चौथा हिस्साच लागते, कारण एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून फक्त बाहेर नेऊन टाकतो. हमालीच ती एक प्रकारची.

बरं मग मोठाच घेऊन टाकू की, हा नवऱ्याचा पुढचा मुद्दा. इथे मात्र मी अनुभवाचे बोल सुनावले. लग्नाआधी मी एका इवल्याशा भाड्याच्या खोलीत राहायचे, तिथे आधीच्या कुणीतरी दोन टनाचं धूड बसवून ठेवलेलं. पाच मिनिटांत खोली गार, की कॉम्प्रेसर बंद, थोड्या वेळाने परत धडाम करून चालू, आणि मी गार पडलेली पण चिकचिकीत, चादरसुद्धा दमट लागायची. तेव्हा वाटायचं मशीनच बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं, हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून पाणी होऊन वाहून जायला एसी सलग चालावा लागतो आणि ते धूड त्याआधीच काम संपवून मोकळं व्हायचं.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळी दमटपणामुळे झालाय. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने ही यंत्रणा आखली. माणसांना गार वाटावं म्हणून नाही, कागदासाठी! आपला नंबर नंतर लागला.

विंडो की स्प्लिट यावर आमच्याकडे फारसं भांडण झालं नाही. विंडोचा कॉम्प्रेसर त्याच डब्यात, आपल्या उशाशी, मला पान उलटल्याच्या आवाजानेही जाग येते त्यामुळे विषय संपला. स्प्लिटमध्ये तो बाहेर घुरघुरतो. पण तो बाहेरचा डबा ठेवायचा कुठे हे आधी बघायला हवं, चारी बाजूंनी बंद कोपऱ्यात कोंबला तर स्वतःच फेकलेली गरम हवा परत स्वतःच घेत बसतो बिचारा. चाकांचा पोर्टेबल मला फार गोंडस वाटला होता, पण एका पाइपवाला असेल तर तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच बाहेरची गरम हवा दाराच्या फटीतून आत येते. भोक पडलेली बादली भरत बसायचं, दुसरं काय.

इन्व्हर्टरचं मात्र मला पटलं. साधा एसी एकतर पूर्ण जोरात नाहीतर बंद, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करत हळूहळू चालत राहतो, म्हणून रात्रभर लावणाऱ्यांना वीज वाचते. दिवसातून अर्धा तास लावणाऱ्याला त्याचं तेवढं कौतुक नको. आणि साध्या एसीत रिमोटवर 16 केल्याने खोली लवकर गार होत नाही हो, ते नुसतं कुठे थांबायचं हे सांगणं असतं, हे आमच्याकडे एका व्यक्तीला अजून मान्य नाहीये.

शेवटी आकडेमोड करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आपण मशीनकडेच बघतोय, खोलीकडे बघितलंच नाही. पश्चिमेची भली मोठी खिडकी, वर थेट गच्ची, आत दोन माणसं, आणि नुसता बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट उष्णता सोडत असतो म्हणे (नवरा चिडल्यावर किती ते माहीत नाही). मग आधी खिडकीला बाहेरून जाड छप्परवजा पडदा लावला, कारण ऊन काचेतून आत शिरल्यावर अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेलं बरं. चौथ्या दिवशी दुपारी नवरा भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होता.

"एक टनाचा पुरेल बहुतेक," म्हणाला, माझ्याकडे न बघता.