तोल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, उसाच्या चरकाचे बुश हे माझं रोजचं काम. नेमबाजांची कामं त्यात मागच्या दाराने शिरली. एका कोचने कधीतरी रायफलच्या बटप्लेटचा (बट म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक) एक स्क्रू करून नेला आणि मग मीच 'रायफलवाला मिस्त्री' झालो. 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकात रायफल नेमबाजीचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर शनिवारी दुकानासमोर एखादी तरी लांब काळी पेटी दिसतेच.

तशीच एका शनिवारी सकाळी एक पेटी आली. सोबत बाप-लेक. लेक चौदा वर्षांची, सडसडीत, वजन असेल चाळीसेक किलो. सोमवारी तिची स्पर्धा होती.

बाप म्हणाला, "मिस्त्री, ह्ये प्लास्टिकचं लई हलकं पडतंय. कोच म्हणत्यात वजन घाला. साडेपाच किलोपत्तूर चालतंय न्हवं नियमात? मग करून टाका की साडेपाच!"

पोरीने पेटी उघडली. बोल्ट मागे ओढून ठेवलेला, नळीतून नारिंगी दोरी आरपार गेलेली. आत गोळी नाही हे मला दाखवलं आणि मगच रायफल हातात दिली. ही शिस्त मला आवडते. मोठी माणसं इतकं करत नाहीत.

दहा मीटरची एअर रायफल, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. स्टॉक, म्हणजे नळी ज्यात बसते तो बटापर्यंतचा सांगाडा, सिंथेटिक; साच्यात ओतलेलं प्लास्टिक. बटावर बोटाने टकटक केलं तर डालड्याचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज. सामान तोलायच्या हूकच्या काट्यावर साईटसकट 3.4 किलो भरली. मोठ्यांच्या मॅच रायफली साडेचार-पाच किलोच्या असतात. पण खरी अडचण ते 3.4 नव्हतंच. व्हाइसमध्ये बारा एमएमचा गोल बार आडवा धरला आणि रायफल त्याच्यावर ठेवून मागेपुढे सरकवत तोल शोधला. खूण करायला खडू सापडेना, तर पोरीने कपाळाची टिकली काढून तिथे लावली. मग उभं राहून तिला नेम धरायला सांगितलं. तिचा डावा हात टिकलीच्या सात सेंटिमीटर मागे येत होता. नळी आणि सिलिंडर लोखंडाचे, बट पोकळ, म्हणून सगळा भार पुढे. पोरगी रायफल धरत नव्हती, खाली पडण्यापासून अडवत होती.

पुढचा हिशोब शाळेतल्या तराजूचा. 3.4 गुणिले 7 म्हणजे 23.8. बटाची पोकळी हातापासून 42 सेंटिमीटर मागे. भागाकार केला की 570 ग्रॅम. तेवढं शिसं बटात घातलं की तोल बरोबर हातावर. फरशीवर लिहिलेला हिशोब बघून बापही खूश, मीही खूश.

शिसं माझ्याकडे होतंच. रेंजवरच्या लक्ष्यामागच्या पेटीत चेपलेले छर्रे साठतात, त्यांचा डबा कोचने मला दिला होता. एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे हजाराच्या वर छर्रे लागणार. हातमोजे घालून मोजले. पोरगी मदतीला बसली आणि तसल्याच हाताने चहाचा ग्लास उचलायला निघाली. तिला उठवून दोनदा साबणाने हात धुवायला लावले. शिशाची धूळ दिसत नाही, पण पोटात जाते.

आता माझी चूक सांगतो. सोमवारची घाई म्हणून पाच मिनिटांत आवळणारं अराल्डाइट घेतलं. स्टॉक रायफलीपासून सोडवला, बटाचं रबर दोन स्क्रू काढून बाजूला केलं, छर्रे आणि अराल्डाइट एकत्र कालवून सगळं एका दमात आत ओतलं. थोडंथोडं, थर थर करून ओतायला हवं होतं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आवळताना ते उष्णता सोडतं आणि गोळा जितका मोठा तितकी ती आत कोंडते. सात-आठ मिनिटांत बट हाताला चटका देऊ लागला. वास सुटला. पाठोपाठ डावी बाजू किंचित फुगलेली दिसली. मी पोतं भिजवून गुंडाळलं, वर बादलीने पाणी ओतत राहिलो. बाप काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नवीन स्टॉक घेऊन द्यायचा तर किती पडेल, याचा हिशोब मी मनात करत होतो.

सुदैवाने फुगवटा नखाएवढाच राहिला, आणि गाल टेकतो त्याच्या बराच खाली. दुपारी जोडून रेंजवर गेलो.

पहिल्या दहा गोळ्या मी तिच्या मागे उभा राहून बघितल्या. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे माझ्या डोळ्यांना काय कळणार? मी नळीचं टोक बघत होतो. आधी ते खाली ओढलं जायचं. आता खाली जात नव्हतं, पण डावी-उजवीकडे भिरभिरत होतं. तिलाच विचारलं.

"काका, हातावर वजन कळतंच न्हाई आता. नळी तरंगतीया. आणि बट खांद्यात बसत न्हाई."

म्हणजे फरशीवरचा तराजू बरोबर होता, प्रश्नच चुकला होता. तोल हाताच्या नेमका वर आणायचाच नव्हता. नळीचा थोडा भार पुढे राहिला तर ती निवांत राहते. दुसऱ्या दहा गोळ्यांत तर बटातून 'टक्' असा आवाज आला. पुन्हा एकदा टक्. गोळा आत सुटला होता.

रबर काढलं, बट उलटा धरून लाकडी हातोडीने दोन टोले दिले, तर बादलीतून गुळाची ढेप निघावी तसा अख्खा गोळा टेबलावर. अराल्डाइट त्या गुळगुळीत प्लास्टिकला चिकटलंच नव्हतं. इतकं हसू आलं मला! सकाळी जीव काढला त्या गोळ्याने, आणि संध्याकाळी स्वतःच चालता झाला.

मग जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं आणली आणि ती टेपने बटाला बाहेरून चिकटवून बघितली. दोनशे ग्रॅम, पाच गोळ्या. अडीचशे, पाच गोळ्या. तीनशेला ती म्हणाली, "हितं थांबा." तोल हाताच्या तीन सेंटिमीटर पुढे आला होता.

बापाच्या डोक्यातून साडेपाच किलो जात नव्हते. "नळीवर घाला की थोडं." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना लांब बांबू धरते, कारण टोकाकडचं वजन सहज हलत नाही. तेच वजन मधोमध असेल तर नुसतं ओझं. म्हणून नळीच्या टोकाला शंभर ग्रॅम लावून बघितले. तोल परत दीड सेंटिमीटर पुढे गेला, पण पहिले पंधरा नेम दृष्ट लागावी असे स्थिर. विसाव्यानंतर तिची पाठ मागे वाकायला लागली. स्पर्धेत साठ गोळ्या असतात. मी ते शंभर ग्रॅम काढून बापाच्या हातात दिले. "ही अजून दोन वरसं वाढंल, तवा आणा परत."

टेपवर सोडून चालणार नव्हतं. टेपने बांधलेलं वजन तपासणीत बाद होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, तीनशे ग्रॅम छर्रे भरले आणि दोन्ही टोकं तारेने आवळली. ही पुरचुंडी बटात सारली आणि भोवती गादीच्या फोमचे तुकडे असे कोंबले की हलवून आवाज येऊ नये. वर रबर, दोन स्क्रू. उद्या बदलायचं झालं तर पाच मिनिटांचं काम. पोरीने नव्या तोलाच्या जागी दुसरी टिकली लावली.

बापाने किती झाले विचारलं. मी काही घेतलं नाही. फुगवट्याचं ज्याचं त्याला ठाऊक.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. 597.3. आधीपेक्षा चारेक गुण जास्त. त्यातले माझ्या शिशाचे किती आणि तिचे किती, कोण सांगणार.

"काका, तपासणीला सर म्हणाले ही टेप काढ. मी म्हटलं, टेप न्हाई, टिकली हाय."

"मग?"

"काढायला लावली. मी लावली कपाळाला."

तो गोळा अजून दुकानात आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावतो.