नवीन हॉटेलात आधी तळलेला पापड मागवा

गंगापूर रोड असो, पाथर्डी फाटा असो की मखमलाबादकडचा रस्ता, नाशकात नवीन हॉटेल उघडलं की मित्रांच्या ग्रुपवर दोन दिवसांत ठरतं: रविवारी जायचं. सहा-आठ जण, दुपारी दीड वाजता. नव्या हॉटेलच्या भटारखान्यासाठी याहून अवघड वेळ नसते. आचारी, मदतनीस आणि वाढपी यांची एकमेकांना सवय झालेली नसते. कुठल्या वारी काय आणि किती खपतं याचा अंदाज मालकालाही आलेला नसतो. त्यामुळे एखाद्या दिवशी दोन वाजताच रस्सा संपतो आणि दुसऱ्या दिवशी पातेलंभर उरतो. चव बिघडते ती बहुतेक वेळा या अंदाजापायी. आचाऱ्याच्या हाताचा दोष नंतरचा.

म्हणून पहिले पंधरा दिवस जाऊ द्या. उद्घाटनाच्या आठवड्यात ओळखीपाळखीच्यांची गर्दी असते, ताटं भरभरून वाढली जातात, त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जे ताट समोर येतं, ते त्या हॉटेलचं खरं ताट. दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी साडेसात ही वेळ धरा. तेव्हा तवा, तंदूर तापलेले असतात आणि ऑर्डरींची रांग लागलेली नसते. सहापेक्षा जास्त जण असाल तर आधी फोन करा आणि टेबलं जोडून ठेवायला सांगतानाच मटण किंवा हंडी हवी आहे का तेही सांगून टाका.

मटण खायचं असेल तर वार बघायला हवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, वर चतुर्थी आणि एकादशी. मटण खपतं ते बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. खप मोठा तर माल ताजा, इतकं सरळ गणित आहे. सोमवारच्या मटणात रविवारचं उरलेलं असण्याची शक्यता नव्या हॉटेलात जास्त, कारण रविवारी किती लागेल हे अजून त्यांना बसलेलं नसतं. सोमवारी जायचंच असेल तर शेवभाजी, पिठलं, भरीत यांवर भर द्या.

बसल्या बसल्या पहिली ऑर्डर म्हणजे एक तळलेला पापड आणि चिरलेला कांदा. भाजलेला पापड नको, कारण त्यातून तेलाचं काहीच कळत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळवंडतं, दाटतं, फेसाळतं आणि कमी आचेवरही धूर सोडायला लागतं. तळणाच्या तेलातले पोलर घटक (तेल तापवून तापवून त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. टेबलावर बसून आपण ते मोजू शकत नाही, पण पापड बरंच सांगतो. स्वच्छ, तापलेल्या तेलात उडदाचा पापड काही सेकंदांत फुलतो, फिकट पिवळा राहतो आणि बोटाला तेल जेमतेम लागतं. जुन्या तेलातला पापड तपकिरी झाक घेऊन येतो, बोटं चिकट होतात आणि घास गिळल्यावर घशाशी कडसर चव राहते. कधी त्याला आधी तळलेल्या मासळीचा वास असतो. पापड मधोमध फुललेला नसेल आणि तेलकट लागत असेल, तर तेल जुनं असेलच असं नाही, ते पुरेसं तापलेलं नव्हतं. हा दोष सुधारण्यासारखा आहे. जुन्या तेलाचा नाही. पापड नापास झाला तर भजी, मंच्युरियन, चिकन चिली, कोथिंबीर वडी हे सगळं त्या दिवसापुरतं सोडून द्या आणि तव्यावरचं, तंदूरचं, रश्श्याचं मागवा. मसाला पापड हवा असेल तर कांदा-टोमॅटो वेगळ्या वाटीत मागा. वरून घातला की टोमॅटोच्या पाण्याने दोन-तीन मिनिटांत पापड लोळागोळा होतो.

कांद्याकडेही नीट बघा. आत्ता चिरलेला कांदा ओलसर, कडक असतो. सकाळी चिरून ठेवलेल्याच्या कडा सुकून वळतात आणि त्याला उग्र दर्प येतो. लासलगावची बाजारपेठ आपल्याच जिल्ह्यात असताना ताजा कांदा ही किमान अपेक्षा आहे, आणि जो भटारखाना कांदा वेळेवर चिरत नाही तो बाकीची तयारीही आदल्या रात्रीच उरकत असणार, असं मी धरून चालतो.

आता भाकरी. नव्या हॉटेलात सगळ्यात जास्त घोळ हिचा होतो. एक भाकरी थापायला साधारण एक मिनिट, भाजायला दोन ते तीन. दोन तवे आणि थापणारी एकच बाई असेल तर सहा भाकऱ्यांना दहा मिनिटं लागतात, तेही दुसरं टेबल मध्ये आलं नाही तर. सहा जणांनी एकदम बारा सांगितल्या की त्या एकत्र येतात, टोपलीत एकावर एक रचलेल्या. वरच्या दोन गरम असतात, खालच्या वाफ धरून ओल्या आणि चिवट झालेल्या. त्यापेक्षा चार-चारच्या फेऱ्या सांगा आणि पहिली फेरी टेबलावर आली की लगेच दुसरी सांगा. अर्धी-अर्धी वाटून खाल्ली तर प्रत्येकाला गरम घास मिळतो.

भाकरी हातात आली की आधी पापुद्रा उचलून बघा. चांगल्या भाकरीचा पापुद्रा सलग सुटतो आणि आतून वाफ येते. कडा चिरलेल्या, पापुद्रा नाही, मोडताच तुकडे, म्हणजे पिठाची विरी, धरून राहण्याचा चिकटपणा, गेलेली आहे. दळण जुनं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी जोडून येत नाही. बाजरीचं पीठ आणखी नाजूक असतं. त्यात तेलाचा अंश जास्त असल्यामुळे आठ-दहा दिवसांत ते कडू व्हायला लागतं, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. नव्या हॉटेलात किती भाकरी खपेल हे माहीत नसल्याने दळण एकदम जास्त आणलं जातं आणि डब्यात पडून राहतं. विरी गेलेल्या पिठात काही जण गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळतात. ती भाकरी दिसायला गोल, मऊ, न तुटता दुमडणारी असते, पण गार झाली की वातड होते आणि ओढून तोडावी लागते. अशी भाकरी समोर आली तर सरळ विचारा. पीठ मिसळलेलं आहे म्हणून सांगितलं तर तंदुरी रोटीकडे वळावं हे बरं. ‘चुलीवरची’ अशी पाटी असेल तर भाकरीवरचे डाग बघा. निखाऱ्याशी उभी करून शेकलेली भाकरी कडेला जास्त आणि वेडीवाकडी भाजलेली असते, गॅसच्या ज्योतीवर धरलेलीला बारीक काळे ठिपके येतात. दोन्ही चांगल्या लागू शकतात. पैसे मात्र चुलीचे लावले असतील तर चूल दिसायला हवी.

काळ्या रश्श्याचा रंग भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि दगडफुलासारखे मसाले यांतून यायला हवा. खोबरं काळं होईपर्यंत नव्हे, गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात. घाईत ते जळलं की रस्सा दिसायला झकास पण मागून कडवट. हे तिखटाखाली लपतं, म्हणून पहिला घोट भाकरीशिवाय, नुसता घ्या. मग तर्री बाजूला सारून खालचा रस्सा चमच्याने घ्या आणि त्याचे चार थेंब ताटात सोडा. मसाला नीट परतलेला असेल तर थेंब जागेवर राहतो आणि कडेला तेलाची बारीक लाल किनार दिसते. वाटण कच्चं असेल तर थेंबातून पाणी सुटून बाजूला ओघळतं, वाटण मध्ये ढिगासारखं उरतं आणि कच्च्या कांद्याचा गोडसर वास येतो. वर बोटभर तर्री आणि खाली फिक्कट पाणी, म्हणजे तर्री वेगळी करून वरून सोडलेली आहे. मिसळीलाही हीच परीक्षा लावता येते.

शेवभाजी मागवताना एकच सूचना पुरे: शेव वेगळी आणा. रस्सा उकळता आणि शेव जाड हवी, ती टेबलावर घालायची आणि दोन मिनिटांत जेवायला लागायचं. भटारखान्यात घातलेली शेव गर्दीच्या वेळी काउंटरवरच पाच-सात मिनिटं पडून राहते आणि येईपर्यंत तिचा लगदा झालेला असतो.

पंजाबी भाज्यांचं मेनूकार्ड कितीही लांब असलं तरी मागे मोजक्याच ग्रेव्ह्या असतात: टोमॅटोची लाल मखनी, कांदा-टोमॅटोची तपकिरी आणि काजू-मगजाची पांढरी. व्हेज कोल्हापुरी, कढाई, हंडी या तिन्ही बहुतेक ठिकाणी एकाच तपकिरी ग्रेव्हीतून निघतात, फक्त मिरची, सिमला मिरची आणि तडका बदलतो. तिन्ही मागवल्या तर टेबलावर तीन वाट्यांत एकच भाजी येते. एक तपकिरी, एक मखनी किंवा पांढरी आणि तिसरी बिनग्रेव्हीची, म्हणजे भरीत किंवा भेंडी, अशी निवड करा.

सहा जणांसाठी प्रमाण असं धरा: दोन स्टार्टर (एक तंदूरचा, एक तव्यावरचा, म्हणजे एकाच आचाऱ्यावर भार पडत नाही), तीन भाज्या किंवा दोन भाज्या आणि एक रस्सा, माणशी दोन भाकऱ्या किंवा रोट्या, शेवटी एक डाळ आणि दोन फुल जिरा राइस. हे सगळं एकदम सांगू नका. नव्या ठिकाणी स्टार्टर आणि जेवण एकत्र लिहून दिलं की एकत्रच येतं, मग रोटी गार होते नाहीतर कबाब. एकानेच ऑर्डर द्यावी, वाढप्याकडून ती परत म्हणून घ्यावी आणि ‘बाकीचं मी सांगेन तेव्हाच लावा, दादा’ असं स्पष्ट सांगावं. मटण थाळी घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच विचारा: रस्सा परत मिळतो का, सुकं परत मिळतं का, आणि दोघांत एक थाळी चालते का. रस्सा हवा तितका आणि सुकं एकदाच, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, आणि वाद सुक्यावरूनच होतो.

मंडळींत कुणी शुद्ध शाकाहारी असेल तर तवा आणि तंदूरच्या सळया वेगळ्या आहेत का, हे मेनू उघडण्याआधी विचारा. जैन जेवण हवं असेल तर पनीरच्या भाजीमागे लागू नका, कारण ग्रेव्हीत कांदा-लसूण सकाळीच पडलेला असतो आणि गर्दीत वेगळी ग्रेव्ही कुणी करत नाही. वरण वेगळं शिजवलेलं असतं आणि फोडणी ऐनवेळी बसते, त्यामुळे जिऱ्याची फोडणी दिलेली डाळ आणि जिरा राइस बहुतेक ठिकाणी नीट मिळतो.

बिल आलं की पैसे काढण्याआधी वाचा. नेहमीच्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, अडीच सीजीएसटी आणि अडीच एसजीएसटी. एसी असो नसो, दर तोच. २,४०० रुपयांच्या जेवणावर ६० अधिक ६०, म्हणजे २,५२० रुपये. यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला आणि त्यावरही कर लावला तर तेच बिल २,७७२ होतं, सरळ २५२ रुपये जास्त. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. टीप द्यायची असेल तर ती वाढणाऱ्या माणसाच्या हातात द्या. हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक कर स्वतः भरायची योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असतं. नव्या हॉटेलच्या बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही शोधा, २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. पाण्याची बाटली न मागता उघडली गेली असेल तर ती बिलात येणारच, म्हणून बसतानाच ‘साधं पाणी द्या’ सांगायचं.

उरलेलं बांधून घेताना रस्सा आणि सुकं वेगवेगळ्या डब्यांत घ्या. भाकरी फॉइलमध्ये गरम गुंडाळली की घाम धरते, कागदात घ्या आणि घरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून शेका. रस्सा उकळी येईपर्यंत तापवा, नुसता कोमट करू नका. आणि शेवभाजी पार्सल घेत असाल तर शेव वेगळ्या पुडीत बांधून घ्या.