तुम्ही विचारलंत म्हणून: एका शॉकमध्ये का भागत नाही?

एसएसईपी टेस्टला (हातापायाच्या नसेला हलका करंट देऊन संदेश मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते बघणारी तपासणी) आलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट पाचेक मिनिटांनी हेच विचारतो, की अहो एकदा करंट दिलात, अंगठा उडाला, मला कळलं पण, मग अजून किती वेळ ही टकटक? विचारलंतच तर सांगते.

मनगटावर बसणारा तो टोला सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतकाच असतो, अंगठा जरासा हलेल एवढाच. तिथून संदेश नसेतून मानेपर्यंत, पुढे मेंदूत, आणि वाटेत बाजू बदलतो, त्यामुळे डाव्या हाताची लाट, म्हणजे त्या संदेशाला मेंदूने दिलेला विजेचा प्रतिसाद, आम्ही डोक्याच्या उजव्या बाजूला शोधतो. साधारण 20 मिलिसेकंदांत पोचते, म्हणून तिचं नावच एन20. घोट्यापासून 37 च्या आसपास, उंच माणसाला जास्त. म्हणून उंची विचारते (वजन नाही, घाबरू नका). हात गार असला तरी उशीर होतो, म्हणून ते पांघरूण.

आता खरी गंमत. ही लाट एक-दोन मायक्रोव्होल्टची असते आणि मेंदूची स्वतःची बडबड तिच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त, त्यात तुम्ही दात आवळलेत की बघायलाच नको. एका शॉकला स्क्रीनवर नुसता गोंधळ दिसतो. पण बडबड दर वेळी वेगळी, कधी वर कधी खाली, आणि लाट मात्र ठरलेल्या क्षणालाच येते, त्यामुळे पाचशे-हजार वेळा घेऊन सरासरी काढली की बडबड विरत जाते आणि लाट उरते. फक्त हिशोब कंजूष आहे, 100 शॉकनी गोंधळ दहापट कमी होतो, पण अजून दहापट कमी हवा तर 10,000 लागतील. 1947 साली लंडनमध्ये जॉर्ज डॉसन नावाचे संशोधक फिल्मवर एकावर एक रेघा घेऊन ही लाट शोधत होते, सरासरी काढणारं मशीन त्यांनी 1951 मध्ये दाखवलं. आमचं काम त्या मानाने आरामाचंच.

आणि हो, शॉकचा वेग सेकंदाला 4.7 असा विचित्र का, तर लाइटचा करंट सेकंदाला 50 किंवा 60 वेळा हलतो, बरोब्बर 5 ठेवला तर त्याची घरघर दर वेळी त्याच जागी येऊन बसेल आणि सरासरीत विरणारच नाही.

एवढं झालं की सगळं परत एकदा करते, तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात. पण दोन्ही वेळा लाट तिथेच आली तरच ती खरी धरायची. तोवर जबडा सैल सोडा, झोप लागली तर उत्तमच.