आमची वाटचाल : करारातले उत्तर आणि हवेतले उत्तर

गोव्यात फोंड्याच्या तिस्कावरून फर्मागुडीकडे जाताना लागणाऱ्या एका इमारतीत, प्रसारणाच्या फ्रिक्वेन्सींचे नियोजन करणाऱ्या आमच्या फर्मचे छोटे कार्यालय आहे. तिथे बसून आम्ही ज्या कराराची कलमे रोज चाळतो, त्या करारात भारतच नाही. 2006 साली 15 मे ते 16 जून या काळात जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची प्रादेशिक परिषद भरली. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया, पूर्वीच्या सोव्हिएत संघातले देश आणि इराण यांनी तिथे डिजिटल रेडिओ व दूरचित्रवाणीसाठी 174 ते 230 आणि 470 ते 862 मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे आपसांत वाटून घेतले. आमच्या धंद्यात या कराराला ‘जीई06’ एवढेच म्हणतात. संघटनेने जगाचे तीन विभाग पाडले आहेत. जीई06 मधले देश, इराण सोडून, पहिल्या विभागातले आहेत आणि भारत तिसऱ्या विभागात मोडतो. मध्यम लहरींसाठी 1975 चा जिनिव्हा करार, ज्यात लहरी 9 किलोहर्ट्झच्या अंतराने बसवल्या आहेत, आपल्या विभागालाही लागू आहे, आणि पणजी आकाशवाणीची 1287 किलोहर्ट्झ ही लहर 9 च्या पाढ्यात बरोबर बसते ती त्यामुळेच. पण डिजिटल दूरचित्रवाणीचा तसा करार आपल्या विभागात झालेला नाही. साहजिकच आमचे बहुतेक ग्राहक अरबी समुद्रापलीकडचे आहेत.

व्यवसाय सुरू करण्यापूर्वी मी आखातातल्या एका प्रसारण संस्थेत ट्रान्समीटर विभागात नोकरीला होतो. 2004 च्या मे महिन्यात जिनिव्हात परिषदेचे पहिले सत्र झाले, त्यात गणिताचे नियम ठरले, आणि त्यानंतरची दोन वर्षे आमच्या विभागात देशाच्या मागण्यांचे तक्ते तयार करण्याशिवाय दुसरे काम जवळजवळ नव्हते. कोणता मनोरा, किती उंची, किती शक्ती, कोणत्या दिशेला किती घट, हे सर्व ठरलेल्या नमुन्यात भरायचे असे. त्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली आणि पुढे तिच्यावरच आमची फर्म उभी राहिली. परिषदेतला संगणक सांगतो ते उत्तर आणि प्रत्यक्ष हवेत मिळणारे उत्तर ही दोन वेगळी उत्तरे असतात, आणि प्रसारण संस्थेला दोन्हींची गरज असते.

करारातले उत्तर वेगळे का पडते, हे जरा खुलासेवार सांगितले पाहिजे. शंभराहून अधिक देशांच्या हजारो मागण्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, तर सर्वांना मान्य असलेली एकच पद्धत हवी. ती पद्धत संघटनेच्या पी.1546 या शिफारशीवर बेतलेली आहे. 1 किलोवॉटचा ट्रान्समीटर, अँटेनाच्या 10 ते 1200 मीटरपर्यंतच्या आठ ठरीव उंची, 100, 600 आणि 2000 मेगाहर्ट्झ या तीन फ्रिक्वेन्सी, वेळेचे 50, 10 आणि 1 टक्का (म्हणजे लहर तेवढी जोरदार किती वेळ असते), आणि जमीन, थंड समुद्र व उष्ण समुद्र यांचे वेगवेगळे आलेख, असा तो संसार आहे. मधल्या किमती अंतर्वेशनाने, म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांवरून अंदाजाने, काढायच्या. परिषदेच्या वेळी ही गणिते संघटनेच्या स्वतःच्या संगणकांवर आणि जोडीला सर्न या संशोधन संस्थेच्या ग्रिडवर चालवली गेली. तरीही जिथे संगणक ‘जमत नाही’ म्हणाला, तिथे दोन शेजारी देशांनी ‘आम्हाला चालेल’ असे लेखी घोषित केले की ती टक्कर हिशेबातून बाद होत असे. अशा घोषणा मोठ्या संख्येने झाल्या, आणि त्या झाल्या म्हणूनच योजना पूर्ण झाली असे माझे मत आहे. करारातले उत्तर शेजाऱ्यांनी मान्य केलेले असते. त्याचे मोल तेवढे आहे आणि त्याची मर्यादाही तीच आहे.

हवेचे उत्तर आखातात फार ठळकपणे दिसते. उन्हाळ्यात समुद्रावर दमट हवेचा थर बसतो, वर कोरडी गरम हवा असते, आणि लहरी त्या थरात अडकून क्षितिजापलीकडे दूरवर जातात. ॲनालॉगच्या दिवसांत संध्याकाळी समोरच्या किनाऱ्यावरचे स्टेशन आमच्या चित्रावर पट्टे पाडत असे आणि प्रेक्षकांचे फोन सुरू होत. करार करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे अजिबात नाही. शत-अल-अरबपासून ओमानच्या आखातापर्यंतच्या समुद्राला त्यांनी लहरींच्या प्रवासाचा स्वतंत्र विभाग दिला आणि त्याच्या काठची 100 किलोमीटरपर्यंतची जमीनही वेगळी धरली. पण त्रास देणारी लहर मोजली जाते ती 1 टक्का वेळेची, आणि ती टक्केवारी सरासरी वर्षाची असते. वर्षाचा 1 टक्का म्हणजे साधारण 88 तास. हे तास बारा महिन्यांत सारखे विखुरले तर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण ते एका ऋतूत आणि तेही संध्याकाळी, नेमके लोक टीव्हीसमोर असताना गोळा होतात. कराराच्या दृष्टीने दोन्ही परिस्थिती सारख्याच असतात. प्रसारण संस्थेच्या दृष्टीने दुसरी परिस्थिती म्हणजे तक्रारींचा ढीग.

2008 साली नोकरी सोडून गोव्यात परतलो आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांवर फर्म सुरू केली. तयार नियोजन सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून पी.1546 चे तक्ते घालून पहिला प्रोग्राम घरीच लिहिला. हिशेब आणि पत्रव्यवहार पत्नीने सांभाळला. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ असल्याने पुढे कामाला तरुण मुलेही तिथलीच मिळाली. सुरुवातीची कामे थेट कोणत्याही देशाकडून आली नाहीत. युरोपातल्या सल्लागार कंपन्या मोठी कंत्राटे घेत आणि त्यातले किचकट, कमी पैशांचे काम आमच्याकडे येई.

ते किचकट काम म्हणजे बहुतांशी नोटिसा. प्रत्येक ट्रान्समीटरसाठी संघटनेला ठरावीक नमुन्यात फाइल द्यावी लागते आणि तीत दर 10 अंशांना एक अशा 36 दिशांतल्या परिणामी उंची भराव्या लागतात. परिणामी उंची म्हणजे त्या दिशेला 3 ते 15 किलोमीटरमधल्या जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा अँटेना किती वर आहे तो आकडा. नव्या मुलांना आम्ही मुरगावच्या सड्यावर एक काल्पनिक मनोरा देतो आणि 36 आकडे काढायला सांगतो. पश्चिमेला नुसता समुद्र, त्यामुळे सड्याची सगळी उंची पदरात पडते. पूर्वेला दाबोळीचे पठार आडवे येते आणि आकडा खाली घसरतो. त्यानंतर तोच मनोरा फोंड्याच्या एखाद्या खोलगट भागात ठेवायचा. काही दिशांना उत्तर शून्याखाली आले की मुले आपले गणित पुन्हा तपासू लागतात, आणि ते बरोबरच असल्याचे पटले की कामाला तयार होतात.

आम्हाला नाव मिळवून दिले ते मात्र अक्षांश-रेखांशांनी. एका देशाची ट्रान्समीटरची जुनी यादी आमच्याकडे तपासणीला आली होती. तीत काही ठिकाणे दशांशात होती आणि नोटिशीत ती अंश-मिनिटे म्हणून उतरवलेली होती. आपल्याकडचे उदाहरण घेतो. पणजीचा अक्षांश 15.50 आहे, म्हणजे 15 अंश 30 मिनिटे. तो कोणी 15 अंश 50 मिनिटे असा लिहिला, तर मनोरा सुमारे 37 किलोमीटर उत्तरेला सरकून राज्याची हद्द ओलांडतो आणि बांद्याच्या आसपास जाऊन बसतो. रेखांश 73.83 असल्याने तिथे 83 मिनिटे होतात आणि संगणक ते लगेच अडवतो, 15.50 मात्र निमूट पार होतो. त्या यादीतली अशी सर्व ठिकाणे आम्ही उपग्रह-चित्रांवर मनोऱ्याची सावली शोधून दुरुस्त केली. चुकीच्या जागेवर मिळवलेले संरक्षण शेजारी देशापुढे टिकत नाही, हे त्या ग्राहकाला पटले आणि पुढच्या वेळी काम मध्यस्थाशिवाय आमच्याकडे आले.

परदेशी चलनातले पहिले बिल जमा करताना बँकेने माल पाठवल्याचे जहाजी कागद मागितले होते. आकडे पाठवले, असे उत्तर दिल्यावर साहेबांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिले. असो.

धंद्याला खरे बळ मिळाले ते आफ्रिकेतल्या फेरनियोजनामुळे. जीई06 मध्ये 470 ते 862 मेगाहर्ट्झमध्ये 8 मेगाहर्ट्झच्या 49 वाहिन्या होत्या. मोबाइल सेवेला आधी 790 च्या वरचा आणि नंतर 694 च्या वरचा भाग गेला आणि हाती 28 वाहिन्या उरल्या. आफ्रिकी देशांनी एकत्र बसून, संघटनेच्या मदतीने, सगळी दूरचित्रवाणी 694 च्या खाली बसवली. 2013 साली नैरोबीच्या बैठकीत त्या कामाला अंतिम रूप आले. त्यानंतर प्रत्येक देशाला आपापले बदल पाठवावे लागले आणि शेजाऱ्यांचे तपासावे लागले. संघटनेचे परिपत्रक दर पंधरवड्याला निघते. त्यातल्या बदलावर बाधित देशाने 75 दिवसांत म्हणणे मांडायचे असते, आणि आठवणपत्रानंतरही गप्प राहिलेल्या देशाची संमती गृहीत धरली जाऊ शकते. लहान देशांच्या खात्यांत हे वाचायला माणूस नसतो. ते वाचन आम्ही वार्षिक करारावर करतो, आणि पावसाळ्यात तिस्कावर दिवे गेले तरी परिपत्रकाचा दिवस चुकू नये म्हणून आमच्याकडचा पहिला मोठा खर्च इन्व्हर्टरवर झाला.

मतभेदाचा एक प्रसंग नोंदवतो. एका किनाऱ्यालगत एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरांची मालिका होती. डीव्हीबी-टी या डिजिटल दूरचित्रवाणीच्या मानकाच्या 8के पद्धतीत गार्ड इंटरव्हल, म्हणजे उशिरा येणारी लहर चालवून घेण्याची मुदत, जास्तीत जास्त 224 मायक्रोसेकंद असतो, म्हणजे लहरींच्या साधारण 67 किलोमीटर प्रवासाइतका. त्यापेक्षा दूरच्या ट्रान्समीटरची लहर एरवी इतकी क्षीण असते की तिची बाधा होत नाही. पण समुद्रावर तो थर बसला की ती उशिरा आणि जोरात पोहोचते आणि आपलेच जाळे आपल्याला अडथळा करते. करारातल्या गणितात हे जाळे निर्दोष होते. आमच्या अहवालाच्या दुसऱ्या भागात ते उन्हाळ्यात तुटेल असे लिहिले होते. मुख्य कंत्राटदाराने तो भाग गाळायला सांगितला. मागितले नाही ते कशाला लिहिता, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही तो गाळला नाही आणि त्या कंपनीचे काम पुन्हा मिळाले नाही. प्रसारण संस्थेने मात्र ट्रान्समीटरांच्या वेळा सरकवल्या, दोन ठिकाणी अँटेना समुद्राकडून वळवल्या, आणि पुढे डीव्हीबी-टी2 हे नवे मानक घेताना 32के पद्धत निवडली, जिच्यात गार्ड इंटरव्हल दुपटीहून मोठा ठेवता येतो. तेव्हापासून अहवालाचे दोन्ही भाग देऊ, अशी अट आम्ही कंत्राटातच घालतो.

गोव्यात आणि शेजारी कोकणात आमचे काम थोडे आहे. 50 वॉटचे सामुदायिक रेडिओ केंद्र काढू पाहणाऱ्या संस्थांना फ्रिक्वेन्सीचा अर्ज आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी यांची कागदपत्रे करून देतो. फी नाममात्र असते. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या एवढ्याशा राज्यात हा मुद्दा कोणत्याही अर्जात हलका घेता येत नाही.

2023 च्या अखेरीस दुबईत संघटनेची जागतिक परिषद झाली. पहिल्या विभागात 470 ते 694 चा पट्टा मुख्यत्वे प्रसारणाकडेच राहिला, काही देशांत मोबाइलला दुय्यम दर्जाने प्रवेश मिळाला, आणि पुढचा विचार 2031 च्या परिषदेवर गेला. आमच्यासारख्यांना तेवढी वर्षे काम आहे. सध्या टेबलावर 174 ते 230 च्या पट्ट्यातल्या डिजिटल रेडिओचे काम आहे. जिथे पूर्वी दूरचित्रवाणीची 7 मेगाहर्ट्झची एक वाहिनी होती, तिथे रेडिओचे चार ब्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे चार अरुंद तुकडे, बसवायचे आहेत आणि समोरच्या किनाऱ्यावरचा देशही त्याच ब्लॉकांवर डोळा ठेवून आहे. करारातले उत्तर तयार झाले आहे. दुसऱ्या उत्तरासाठी दोन उन्हाळ्यांची मोजमापे हवीत असे ग्राहकाला कळवले आहे, आणि त्यांनी सध्या एकाच उन्हाळ्याला मंजुरी दिली आहे.