टोकियोची थंडी, निफाडची पहाट: १८ आठवड्यांच्या सरावाची नोंदवही

लक्ष्य टोकियो मॅरेथॉन, मार्चचा पहिला रविवार, ४ तास १५ मिनिटं. म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २ सेकंद (६:०२) हा पेस, म्हणजे पळण्याची गती. सुरुवात शिंजुकूमध्ये सकाळी ९.१०ला, शेवट टोकियो स्टेशनसमोर, वेळमर्यादा ७ तास. त्या दिवसांत तिथे सकाळी साधारण ४ ते ८ अंश असतात, आणि पाऊस आला तर सगळंच गणित बदलतं. किलोमीटरचे तक्ते सगळ्यांकडे असतात, म्हणून या वहीत फक्त थंडीपुरतं लिहिलं आहे: पुणे, नाशिक, मुंबईत सराव करून गारठ्यात पळायला जाणाऱ्याला काय वेगळं करावं लागतं.

आठवडा १ ते ६

नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. आठवड्याला चार दिवस, ४० किलोमीटरवरून ५५ पर्यंत. थंडीचा अजून संबंध नाही. एकच सवय आत्तापासून लावायची: प्रत्येक लाँग रननंतर (आठवड्यातली सगळ्यात लांब दौड) तापमान, वारा, अंगावर काय होतं आणि कितव्या किलोमीटरला घाम फुटला, या चार गोष्टी लिहून ठेवायच्या. पुढे कपडे ठरवताना याच नोंदी उपयोगी पडतात, तेव्हा स्मरणावर विसंबून चालत नाही.

आठवडा ७: कपड्यांचं गणित

पळताना एका किलोला एका किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस तासाला १० किलोमीटर पळाला की ६५० किलोकॅलरी. त्यातला पाऊण भाग, किंवा त्याहूनही थोडा जास्त, उष्णता म्हणून बाहेर पडतो. म्हणजे आपण तासाला सुमारे ५०० किलोकॅलरीची शेगडी अंगात घेऊन पळत असतो. म्हणूनच पळताना बाहेर आहे त्यापेक्षा ८ ते १० अंश जास्त आहेत असं धरून कपडे घालायचे. सुरुवातीला थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत. उभं असतानाच ऊब वाटली तर पाचव्या किलोमीटरला आतून ओलेचिंब व्हाल, आणि तो घाम पुढे वाऱ्यात गार पडेल.

आमचा ठरलेला हिशोब असा. १० अंशांच्या वर: बंडी, शॉर्ट्स, सुटे स्लीव्ह्ज. ५ ते १० अंश: अर्ध्या बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, स्लीव्ह्ज, पातळ हातमोजे, शॉर्ट्स. ० ते ५: अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतची टाइट्स, कानटोपी, हातमोजे. शून्याखाली पूर्ण टाइट्स आणि वरून विंडचीटर. सुती काहीच नाही, आतले कपडे आणि मोजेसुद्धा नाहीत. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं.

सुट्या स्लीव्ह्जची शिफारस आम्ही सगळ्यात आधी करतो. गरम झालं की मनगटापर्यंत खाली ओढायच्या, वारा सुटला की वर. पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टात ही सोय नाही.

वाऱ्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. हवा ५ अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर अंगाला १ अंशासारखं लागतं. तोच वारा समोरून असेल आणि आपण ताशी १० ने त्यात शिरत असू, तर ३० चा वारा झाला आणि ५ अंशांचं शून्य झालं. म्हणून अंदाज बघताना वाऱ्याचा आकडा आणि दिशाही बघायची.

आठवडा ८ आणि ९: उभं राहण्याचा सराव

या दोन आठवड्यांवर सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण थंडीतली मॅरेथॉन बहुतेक वेळा सुरुवातीच्या रेषेमागेच बिघडते. मोठ्या शर्यतीत आपापल्या गटात बराच आधी जाऊन उभं राहावं लागतं. तेव्हा अंगातली शेगडी विझलेली असते. कुडकुडण्यात स्नायूंतला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) जळतो, आणि तोच आपल्याला ३२ किलोमीटरनंतर हवा असतो. शिवाय गारठ्यात हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मध्यभागी जमतं आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात. रेषेवर उभं राहिल्यावर परत परत लघवीला होते ती यामुळे. पाणी जास्त झालं असं समजून शेवटच्या तासात पाणी पूर्ण तोडणं चूक. उठल्यावर सुमारे ५०० मिलिलिटर, मग थेट निघण्याआधी १०-१५ मिनिटं दोन-चार घोट, एवढं पुरतं.

सरावासाठी महाराष्ट्रात खरी थंडी शोधावी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० ते १२ अंश मिळतात. निफाडला त्याहून बरंच खाली जातं. द्राक्षबागांत शेतकरी शेकोट्या पेटवतात ती पहाट आपल्या कामाची. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी दवही गोठतं, पण तिथले चढउतार टोकियोच्या सपाटीशी जुळत नाहीत, म्हणून लाँग रनसाठी निफाडकडचे सरळ रस्ते बरे.

चाचणी अशी: पळण्याच्या कपड्यांवर टाकून द्यायचे कपडे चढवायचे, ४० मिनिटं उघड्यावर उभं राहायचं, मग ते उतरवून थेट १२ किलोमीटर रेसच्या पेसने. तीन गोष्टी लगेच कळतात.

टाकून द्यायचा स्वेटर डोक्यातून काढायचा असेल तर गर्दीत टोपी, चष्मा आणि बिब (छातीवरचा नंबर) सगळं त्यात अडकतं. चेन किंवा बटणांचाच हवा. पँट अशी हवी की बुटांवरून निघेल. पायाला चेन नसेल तर शिवण गुडघ्यापर्यंत उसवून ठेवायची.

थंडी पायाखालूनही चढते. जमिनीवर बसायचं नाही, आणि उभं राहायला पुठ्ठ्याचा तुकडा किंवा जुनी चटई जवळ ठेवायची.

कचऱ्याची मोठी काळी पिशवी, तळाला डोक्यापुरतं भोक पाडून, वारा आणि पाऊस दोन्ही अडवते. हाताची भोकं पाडू नयेत, हात आतच ऊबदार राहतात. पाच रुपयांच्या वस्तूत एवढं काम दुसरं कशाने होत नाही.

जपानमध्ये दुकानांत 'काइरो' नावाच्या ऊब देणाऱ्या पुड्या सहज मिळतात. आत लोखंडाचा भुगा, कोळसा, मीठ आणि पाणी असतं. लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं आणि गंजताना तापतं. तापायला थोडा वेळ लागतो, म्हणून गटात शिरण्याआधी १०-१५ मिनिटं उघडायची. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली तर हवा न मिळाल्याने विझते. चिकटणारा प्रकार कपड्यावरच लावायचा, कातडीवर नाही, नाहीतर मंद आचेने भाजतं.

आठवडा १०: हात आणि जेल

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा आमचा आकडा. २५ ग्रॅम कर्बोदकांच्या जेलने (पाकिटातून चोखायची गोड पेस्ट) दर २५ मिनिटांना एक. थंडीत ही गरज कमी होत नाही, फक्त भूक आणि तहान जाणवत नाही, म्हणून घड्याळ लावूनच घ्यायचं. ५ अंशांत जेल घट्ट होतं आणि बोटं बधिर होतात. पाकिटाची चीर फाटत नाही, दातांनी ओढावं लागतं, अर्धं अंगावर सांडतं. उपाय: आदल्या रात्री कात्रीने चिरेला दोन मिलिमीटर वाढवून ठेवा, आणि पुढची एक-दोन पाकिटं हातमोज्यात तळव्याशी धरा, बाकीची कमरेच्या पट्ट्यात अंगाकडच्या बाजूला.

हातमोजे दोन थरांचे. कोरडं असेल तर साधे लोकरीचे. पावसात खाली दवाखान्यात वापरतात ते नायट्राइलचे पातळ मोजे आणि वर लोकरीचे. लोकर भिजली तरी आतला हात वाऱ्यापासून वाचतो. नाक, गाल, कान, मांड्यांच्या आतल्या बाजू आणि पायांची बोटं यांवर व्हॅसलीन, स्तनाग्रांवर टेप. ओलं कापड कोरड्यापेक्षा जास्त घासतं, हे पावसात पळालेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

दम्याचा त्रास असेल तर गार कोरड्या हवेने छाती आवळते. पहिले तीन-चार किलोमीटर तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालून तोंडावर ओढायचं कापड) ठेवल्याने श्वासातली हवा थोडी ओली आणि ऊबदार राहते. इन्हेलरबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

आठवडा १२: मुंबई

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन बरोबर सहा आठवडे आधी येते. ती लाँग रन म्हणून, लक्ष्य पेसपेक्षा २०-३० सेकंद हळू. दमट हवेतल्या हृदयगतीवरून टोकियोचा पेस ठरवू नका. गारठ्यात त्याच पेसला ठोके कमी पडतात.

आठवडा १४: बोस्टन २०१८ चा धडा

टोकियोला पाऊस आला तर काय, यासाठी दोन शर्यती नीट अभ्यासल्या. टोकियो २०१९ गार पावसात झाली, आणि जपानचा सुगुरु ओसाको अर्ध्याच्या पुढे जाऊन थंडीने बाहेर पडला. त्याआधी बोस्टन २०१८: ३-४ अंश, मुसळधार पाऊस, समोरून सोसाट्याचा वारा. नावाजलेले कितीतरी व्यावसायिक धावपटू मध्येच थांबले. जिंकला युकी कावाउची, २:१५:५८ मध्ये. तो तेव्हा साइतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत, शाळेच्या कार्यालयात होता. महिलांमध्ये डेझिरे लिंडेन पहिली, २:३९:५४, आणि दुसरी आली सारा सेलर्स, पूर्णवेळ रुग्णालयात भूल देणारी नर्स. कावाउचीने त्याच वर्षी १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्डला उणे १७ अंशांच्या आसपास २:१८:५९ अशी मॅरेथॉन पळून ठेवली होती. हौशी मंडळींनी कावाउची आणि सेलर्सचे हे दोन निकाल जवळ बाळगावेत असं मनापासून वाटतं. थंडीची तयारी पगारी धावपटूंची मक्तेदारी नाही.

लिंडेनने जॅकेट शेवटपर्यंत काढलं नाही. मोठी माणसंही फसतात ती इथेच: अंग तापलं म्हणून दहाव्या किलोमीटरला विंडचीटर फेकला, मग तिसाव्याला पेस घसरला, उष्णता कमी तयार व्हायला लागली आणि अंगावर काहीच उरलं नाही. आमचा नियम: पाऊस असेल तर विंडचीटर कमरेला बांधा, फेकू नका.

या आठवड्याची चाचणी: टी-शर्ट बादलीत बुडवून पिळायचा, घालायचा आणि १० अंशांत वाऱ्याला तोंड देत ८ किलोमीटर. सैल टी-शर्ट अंगावर फडफडतो आणि दर वेळी गार होतो. घट्ट बसणारा दोन किलोमीटरांत अंगाच्या उबेने सोसवेल इतका होतो.

आठवडा १६: पेस आणि पाणी

टोकियोचे पहिले पाच-सहा किलोमीटर उताराचे आहेत. थंड हवा, ताजे पाय, उतार: ५:४० ने पळूनही ६:०२ सारखं वाटतं. आम्ही पहिल्या ५ किलोमीटरला ३० मिनिटं ठरवली, त्याआधी पोचायचं नाही.

पाण्याची चूक उलट दिशेने होते. मुंबईत प्रत्येक टेबलाला ग्लास उचलायची सवय लागलेली असते. गारठ्यात घाम कमी, त्यामुळे तेवढंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. तहानेनुसार, जेलबरोबर दोन-तीन घोट.

आठवडा १८: पिशवी

रेषा ओलांडल्यावर उष्णता तयार होणं थांबतं, पण शरीराचं आतलं तापमान आणखी काही वेळ उतरतच राहतं. चंदेरी कागद मिळाला तरी तो ओल्या कपड्यावर फारसा चालत नाही. म्हणून पिशवीत वरून खाली हा क्रम: टॉवेल, कोरडा बनियन, स्वेटर, कानटोपी, पँट, मोजे, पायात सरकवता येतील अशा चपला. लेस सोडायला बोटं चालत नाहीत, म्हणून बूट सोबतच्या माणसाला सोडायला सांगा. दहा मिनिटांत ओलं अंगावरून गेलं पाहिजे, फोटो नंतर. मग गरम आणि गोड काहीतरी.

सोबत्याकडे लक्ष ठेवा. बोबडी वळते, पाय लडखडतात, चेन लावता येत नाही, उगाच चिडचिड होते: ही अंग धोकादायक गार पडण्याची सुरुवात आहे. कुडकुडणं अचानक थांबलं आणि माणूस गप्प झाला तर तो बरा झालेला नाही, त्याला लगेच वैद्यकीय तंबूत न्या.