काळं बघताना काडी निसटते

तासगावच्या एका बेदाणा शेडमध्ये निवडणीच्या पट्ट्यावर माझी देखरेख असते. हिरवा बेदाणा सरकत जातो, दोन्ही बाजूंच्या बायका त्यातला काळा दाणा, काडी, मातीचा खडा वेचतात. सगळ्यांनी सगळंच बघायचं, ही आधीपासूनची रीत.

त्या दिवशी निर्यातीचा माल होता आणि निवडलेल्या नमुन्यात काड्याच काड्या. काळा दाणा मात्र औषधालाही नाही. बायका चुकारपणा करत होत्या म्हणावं, तर मान वर करायला कुणाला फुरसत नव्हती. मी पट्ट्याशेजारी उभी राहिले. काळ्या दाण्याला खेटूनच एक काडी आली. बोटांनी दाणा टिपला, काडी तशीच पुढं. जरा वेळानं पुन्हा तेच, दुसऱ्याच बाईच्या हातून.

कडेच्या मावशी म्हणाल्या, “ताई, काळं बघाय लागलं की काडी दिसतच न्हाई बगा. निम्म्या जणींस्नी नुस्ती काडीच बघू द्या.”

तसं केलं. पुढच्या नमुन्यात काडी हुडकावी लागली, इतक्या कमी. खडे काळं वेचणाऱ्यांकडेच ठेवले; रंग जवळचा, त्यामुळं त्यांना जड गेलं नाही.

घरी गेल्यावर वाचत बसले. विमानतळावर सामानाचे एक्स-रे बघणाऱ्यांसाठी टॅमरिन मेनीर या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये जवळपास मावशींचाच सल्ला दिला होता: दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तू एकदम शोधल्या की अचूकपणा घटतो, तेव्हा शोध वाटून द्या. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनाही हे 1960च्या दशकापासून ठाऊक आहे. एक दोष सापडला की दुसरा राहून जातो. आधी वाटायचं, समाधान होऊन माणूस थांबतो. पण नंतर दिसलं, की नजर फिरतच असते, तरी निसटतं. हे मला पटलं, कारण आमच्याकडं थांबलं कुणीच नव्हतं.

मुकादमाचं म्हणणं, सरावानं सगळं जमतं. अगदीच खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांच्या 1963च्या प्रयोगात सरावलेली माणसं दहा अक्षरं एकाच अक्षराइतक्या वेगानं शोधू लागली. पण ती अक्षरं एकाच शाईतली. आमची काडी फिकी, दाणा काळा. शिवाय या बायकांइतका सराव आणखी कुणाला असणार?

काडीवाल्यांची कुरकुर मात्र लगेच सुरू झाली: काळं सोपं, काडीनं डोळ्यांना पाणी येतं. दुपारच्या चहानंतर त्यांनी आपसांतच पाळ्या लावून घेतल्या, मला न विचारता.